एक दुलई, दोन ऋतू

काल रात्री पुन्हा तेच. मी स्वेटरमध्ये, त्यावर शाल, पायात मोजे, त्यांवर आणखी मोजे, श्वासापुरतं नाक तेवढं बाहेर. शेजारी नवरा नुसत्या बनियनवर. आणि डोक्यावर पंखा.

"बंद कर ना तो."

"एकवर तर आहे."

"एकवर म्हणजे चालूच ना?"

"वाऱ्यासाठी नाही गं, आवाजासाठी. अगदी शांत असलं की मला झोप लागत नाही."

"मग मी बोलत राहते."

"नको, करतो बंद."

पंखा थांबला. पाच मिनिटांनी साहेबांनी दुलईतून एक पाय बाहेर काढला, थेट गुडघ्यापर्यंत. त्या फटीतून जो गारवा आत शिरला तो माझ्या पाठीच्या कण्यावरून मानेपर्यंत गेला. पाय आत घे म्हटलं, तर म्हणे, "तो माझा रेडिएटर आहे."

अशा जोड्या लावतं कोण? तुमच्या घरी काय चालतं? अंगातल्या थंडीचं लिहा, स्वभावाचंही चालेल. मी जागीच आहे.

* * *

तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलतो. तो पाय खरोखरच रेडिएटर आहे. झोप लागताना शरीर आतलं तापमान थोडं उतरवतं, आणि ती उष्णता बाहेर टाकायची मोठी दारं म्हणजे तळहात आणि तळपाय.

आता माझं गाऱ्हाणं. रात्री हिचे पाय माझ्या पोटरीला लागले की मी दचकून जागा होतो. एकदा नीट समजावून सांगितलं, की गारठ्यात शरीर आतल्या अवयवांची ऊब ३७ अंशांच्या आसपास सांभाळतं, त्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि बायकांचे हातपाय म्हणूनच जास्त गार लागतात. तिने सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे ऊब काळजात आहे, पायात नाही, एवढंच ना?" असं म्हणून दोन्ही पाय पुन्हा पोटरीला.

पाय कोमट असले तर झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ सालीच दाखवून दिलंय. त्या जोरावर मोजे आणून दिले. "मोजे घालून माझे पाय गुदमरतात" म्हणे. पाय. गुदमरतात.

* * *

आमच्याकडे खांदेपालट झालाय.

मी ५२ वर्षांची. लग्नानंतरची पहिली पंचवीस वर्षं मी कुडकुडणाऱ्या पक्षात, आणि हे खिडकी उघडी टाकून झोपणारे. काही म्हटलं की एकच वाक्य : "थंडी मनात असते." पाळी जायचे दिवस आले आणि एका रात्री दोन वाजता मी दुलई लाथेने भिरकावून ताडकन उठून बसले. छातीपासून कानांपर्यंत नुसती भट्टी, मानेवरून घामाचे ओघळ. उठून खिडकी सताड उघडली. मागून कानटोपीच्या आतून क्षीण आवाज आला, "अगं लाव ती, मरेन मी."

म्हटलं, "अहो, थंडी मनात असते."

पंचवीस वर्षं वाट बघत होते हो या वाक्याची!

पण खरी पंचाईत पुढे असते. चार-पाच मिनिटांत तो लोंढा ओसरतो, घाम वाळायला लागतो आणि मलाच हुडहुडी भरते. तोवर ह्यांनी अख्खी दुलई चटईसारखी स्वतःभोवती गुंडाळून टोकं अंगाखाली दाबलेली असतात. सोडवायला गेलं तर झोपेतही मूठ सुटत नाही. वय वाढलं की स्नायू झडतात, अंगात उष्णताही कमी तयार होते, तेव्हा ह्यांना आता खरंच वाजत असणार, हे कळतं मला. दया येते. पण आधी थोडा सूड उगवून घेते.

* * *

माझं स्वभावाचं. मी काळजी करणारी, नवरा कशाचीच न करणारा. थंडीत हा फरक फार महाग पडतो, कारण काळजी वाटली की पांघरुणातून उठावं लागतं.

"बाहेरचं दार लावलंस का रे?"

"लावलं असेल."

"असेल म्हणजे?"

"झोप गं. एवढ्या थंडीत चोरही घरीच असतो."

अर्धा तास कूस बदलली. शेवटी दात वाजवत, गार फरशीवरून टाचांवर चालत गेले. दार उघडंच! नुसतं लोटलेलं, कडी नाही. लावून आले तर हा घोरतोय. सकाळी मोठ्या ऐटीत सांगितलं, तर म्हणतो, "बघ, उघडं होतं तरी काही झालं का?" आम्ही दोघंही ती रात्र आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरतो.

* * *

दोन वेगळी पांघरुणं घ्या हो. सगळे हाच सल्ला देतात, आम्हीही अमलात आणला. तिला जाड रजई, मला पातळ चादर. तीन रात्री घरात कमालीची शांतता. चौथ्या रात्री तिने माझी चादर रजईच्या आत ओढली, कारण एका जाड थरापेक्षा दोन थरांमध्ये हवा जास्त अडकते आणि ऊब टिकते. हे ज्ञान तिला मीच दिलं होतं.

झोपलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ७०-८० वॅट उष्णता निघते, हेही मीच सांगितलं होतं. जुन्या पिवळ्या बल्बइतकी. तेव्हापासून ती मला "बल्ब" म्हणते. "बल्ब, जरा इकडे सरक."

* * *

गरम पाण्याची रबरी पिशवी वापरणाऱ्यांसाठी : उकळतं पाणी ओतू नका, दोनतृतीयांशच भरा, हवा काढून झाकण लावा, कापडात गुंडाळा. बायको हे दर वर्षी सांगते. मी घाईचा माणूस, एका रात्री काठोकाठ भरली आणि झाकण अर्धवट फिरवलं. गादीच्या ओल्या बाजूला कोण झोपणार यावर चर्चा झाली नाही.

* * *

धागा मीच काढला होता, म्हणून पुढचं सांगते.

रात्री सगळे अनुभव नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. दाराच्या गोष्टीला हसला, खिडकीवाल्या ताईंच्या वाक्याला जरा गंभीर झाला. रेडिएटरपाशी मात्र मला थांबवून तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग उठला, मला वाटलं पाणी प्यायला. तर पंखा दोनवर.

"शास्त्रच आहे ते," म्हणाला.

"मी बॅग भरते," म्हटलं.

एकदम उठून बसला. "अगं, एवढ्यावरून?"

"गरम पाण्याची."