हेजहॉग हाताशी असताना डेप्थ चार्ज का टाकत बसले?

अर्धवट_खलाशी: दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईवर वाचतोय आणि डोकं फिरलंय. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकं भरलेलं पिंप, जहाजाच्या मागून ढकलायचं, ठरवलेल्या खोलीवर फुटणार. पण ॲस्डिकला (तेव्हाचं सोनार) दिसतं पुढचं, त्यामुळे जहाज पाणबुडीच्या डोक्यावर येईपर्यंत तीच गायब, तेवढ्यात ती वळून पसार, आणि वर स्फोटांनी पाणी असं ढवळतं की पुढची दहा-पंधरा मिनिटं ऐकूच काही येत नाही. हेजहॉग हा जहाजावरचा मॉर्टर 24 बॉम्ब दोनेकशे मीटर पुढे फेकायचा, पाणबुडी सोनारवर असतानाच. ब्रिटिशांचाच हिशोब बघा, डेप्थ चार्जच्या साधारण 60 हल्ल्यांत 1 पाणबुडी, हेजहॉगच्या 6 त 1. मला तर हा निव्वळ जुन्या सवयीचा हट्ट वाटतो.

कोकणकडा: अजिबात पटलं नाही. हेजहॉग लागला तरच फुटतो, चुकला की वर शांतता आणि खालच्याला पत्ताही नाही. डेप्थ चार्ज चुकला तरी आत दिवे फुटतात, पाणी झिरपायला लागतं, कॅप्टन खाली दबून बसतो, बॅटरीवर रांगतो आणि मालवाहू जहाजांचा काफिला निघून जातो. एस्कॉर्टचं (काफिल्याची राखण करणाऱ्या युद्धनौकेचं) काम जहाजं पोचवणं, शिकारी मोजणं नव्हे. आणि सुरुवातीला तुमचा लाडका हेजहॉग लाटांनी भिजून वायरिंगच बंद पडायचं, 24 पैकी थोडेच उडायचे. खलाशी वैतागणार नाहीत तर काय!

गणितवाला: दोघंही जहाजावरच अडकलात राव. ब्रिटिश विमानं डेप्थ चार्ज 100 फुटांवर फोडायची, पण विमान दिसलं की पाणबुडी नुकतीच बुडी मारत असते, इतकी खोल गेलेलीच नसते. ब्लॅकेट या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या टीममधल्या विल्यम्सने हिशोब करून 25 फूट सुचवलं. हत्यार तेच, फक्त सेटिंग बदललं आणि बुडणाऱ्या पाणबुड्या वाढल्या.

अर्धवट_खलाशी: भिजण्याचा मुद्दा मान्य. पण मे 1944 मध्ये यूएसएस इंग्लंड या अमेरिकन युद्धनौकेने 12 दिवसांत 6 जपानी पाणबुड्या हेजहॉगने बुडवल्या, त्याचं काय?

कोकणकडा: तिच्यामागे काफिला होता का? पाणबुड्यांची रांग शोधत फिरत होती ती. आणि पुढे फेकायचे मॉर्टर आपल्या खुकरी या युद्धनौकेवरही होते की, लिंबो नावाचे. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आधी टॉर्पेडो मारला.