जुनं घर, नवी परसबाग : तुमचेही अनुभव लिहा

पागोळी
काल रात्री अवकाळी आला. शेजारच्या पत्र्यावर सर वाजली आणि एकदम गुहागरचं घर आठवलं. आजीचं प्रत्येक गळतीखाली ठेवायचं भांडं ठरलेलं असायचं. माजघरात कळशी, देवघराशी पितळी तपेली. तीन वर्षांपूर्वी छप्पर उतरवलं तर निम्मे वासे वाळवीने पोखरलेले. सागवान परवडेना, शेवटी लोखंडी पाइप घातले, कौलं मात्र जुनीच धुऊन चढवली. पहिल्या पावसात एक थेंब आत आला नाही. तरी आई रात्री दोनदा उठून तपेली ठेवून आली!
कौलांवर 1865 लिहिलंय. एवढं जुनं आहे आमचं घर!

कौलारू
ताई, घाई नको :) ते बासेल मिशनच्या मंगळूरच्या कौलांच्या कारखान्याचं स्थापना वर्ष. कौल नंतरचंही असू शकतं.

पागोळी
अरे देवा. मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलेय.

बार्शीकर
आमचं माळवद होतं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर वर्षी वर पांढरी माती कोण टाकणार म्हणून पाडून स्लॅब घातला. आता मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही. वडील बाहेर लिंबाखाली खाट टाकतात, आमच्याशी बोलत नाहीत.

नवखी_माळीण
सारवायला शेण कुठून आणता? आमच्या वाडीत एकच गाय उरलीय आणि तिच्या मालकिणीचा भाव चढलाय.

पागोळी
आम्हीपण पडवीत फरशीच घातली. फक्त खळं सारवतो. आजी सारवणात जुन्या सेलमधली काजळी घालायची, काय काळीभोर जमीन व्हायची.

आगरातला
श्रीवर्धन. 3 जून 2020, निसर्ग वादळ. आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारात आडव्या. घराची कौलं महिनाभरात बसली हो, पोफळीला सहा-सात वर्षं लागतात. मधल्या जागेत केळी लावल्यात. शहरातले मित्र विचारतात, गावात वेळ कसा जातो? शिंपणं करायला या म्हणावं.

मधली_सुट्टी
आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं. एक कौल बदलायचं तर तेवीस जणांचं मत. त्यातला एक काका न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर खिडकीचा रंग ठरवतो.

न्यूजर्सीचा_काका
मी तो नव्हे. पण रंग निळाच द्या.

नवखी_माळीण
माकडांचं काय करता? पपई, भेंडी, काही ठेवत नाहीत. परवा तर कोवळे शेंडेसुद्धा.

कौलारू
सुरण, हळद लावा. जमिनीखालचं माकड बघत नाही.

आगरातला
पण डुक्कर बघतं.

नवखी_माळीण
😭 म्हणजे आता कुंपण आलं. कुकर झालाय, येते. सुरणाचे कंद कोणाकडे आहेत का?

कौलारू
आहेत. मे संपायच्या आत न्या. आणि भाजीत चिंच किंवा आमसूल घालायला विसरू नका, गेल्या वेळी बहिणीने नुसतं फोडणीला टाकलं, घरभर घसे खवखवले.