गाडगेबाबांची शिकवण घरी लेकरांना कशी द्यावी?

प्रश्न (दर्यापूर तालुका): पोरगा ७ वर्षांचा, पोरगी १०ची. पाठ्यपुस्तकातलं तेवढं त्यांना पाठ आहे. घरी रोज काय करून घ्यावं?

उत्तर १: ताई, खराट्यापासूनच सुरुवात करा. बाबा गावात आले की आधी रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. हाच क्रम घरी ठेवा: सकाळी १० मिनिटं आंगण, संध्याकाळी गोष्ट. लेकराच्या छातीएवढा खराटा द्या. मोठा दिला तर पोरगं वाकून थकते न् दोन दिवसांत सोडते. आधी पाणी शिंपडा, नाहीतर धूळ घरात जाते. वारा पाठीशी ठेवून झाडायला शिकवा. पालापाचोळा, शेण खताच्या खड्ड्यात. प्लास्टिक वेगळं, जाळायचं नाही. आणि पोराच्या हातातही खराटा हवाच. एकट्या पोरीनं झाडलं तर बाबांचं काहीच शिकवलं नाही.

उत्तर २: शिक्षा म्हणून कधीच झाडायला लावू नका, लेकराला ते काम हलकं वाटू लागते. गोष्ट सांगताना चमत्कार जोडू नका. बाबा पायाही पडू देत नसत. ते कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, तुम्हीही विचारा: कर्ज काढून लग्न केलं तर फेडणार कोण? देवापुढं बकरं कापून देव पावते का? उत्तर लेकरानंच शोधावं, घाई करू नका.

उत्तर ३: अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव हे त्यांचं जन्मगाव, तुमच्यापासून जवळच आहे. २० डिसेंबरच्या पुण्यतिथीआधी एखाद्या रविवारी घेऊन जा.