मदत हवी आहे: पाटीवर बाभळीचं शास्त्रीय नाव कोणतं लिहू?

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शाळेवर शिकवते. शाळेच्या कुंपणापासून ओढ्यापर्यंतच्या झाडांना पाट्या लावायचं काम सातवीच्या मुलांनी अंगावर घेतलंय. कडुलिंब, पिंपळ, आपटा झाले. बाभळीपाशी अडलं.

पत्र्यावर 'बाभूळ' आणि खाली 'अकेशिया निलोटिका' रंगवून झालं होतं. माझ्या बीएस्सीच्या पुस्तकात हेच नाव आहे. पाटी उन्हात वाळत असताना एका मुलीने फोनवर शोधलं आणि म्हणाली, "बाई, इथं तर वॅचेलिया निलोटिका दिलंय." मला वाटलं, दुसरंच झाड असेल. पण फोटोतली शेंग तीच, दाण्यादाण्यामध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी, वर पांढुरकी लव. आमचीच बाभूळ.

तर पाटीवर काय लिहू? आणि झाड होतं तसंच आहे, मग नाव का बदललं? मुलांना "शास्त्रज्ञांनी बदललं" एवढंच सांगून सोडून द्यायला मन तयार होत नाही.

अजून एक. ओढ्याकाठी एक झाड सरळ उभं वाढलंय, फांद्या वर आवळलेल्या, लांबून खराट्यासारखं दिसतं. गावात त्याला रामकाठी म्हणतात आणि बाभळीहून वेगळं मानतात. त्याला वेगळी पाटी करावी का?

प्रतिसाद

ताई, वॅचेलिया निलोटिका लिहा. तुमचं पुस्तक चुकीचं नव्हतं, त्या वेळी तेच नाव होतं.

मतदारयादीत आडनाव आधी येतं, तसं इथे प्रजातीचं (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं) नाव आधी आणि जातीचं नंतर. बाभळीचं 'निलोटिका', म्हणजे नाईलकाठची, हे स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 साली दिलं आणि ते आजही कायम आहे. आडनाव मात्र त्याने 'मिमोसा' दिलं होतं, म्हणजे लाजाळूचं. पुढे ती अकेशियात गेली. आताचं तिसरं.

अकेशिया या एका नावाखाली हजाराहून जास्त जाती कोंबल्या होत्या. त्या सगळ्या एकमेकींच्या जवळच्या नाहीत हे कळल्यावर गट फोडावा लागला. मग जुनं नाव कोणाकडे राहणार? नियम असा की प्रजातीचं नाव तिच्या नमुना-जातीला, म्हणजे त्या गटाचा नमुना म्हणून ठरवलेल्या एका जातीला, बांधलेलं असतं, आणि अकेशियाची नमुना-जाती आपली बाभूळच होती. पण मोठा गट ऑस्ट्रेलियात, जवळपास हजार जातींचा. त्या सगळ्यांची नावं बदलावी लागू नयेत म्हणून 2005 च्या व्हिएन्ना वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये एक ऑस्ट्रेलियन जाती नमुना ठरवली गेली. आफ्रिकेतून आणि आपल्याकडून जोरदार विरोध झाला, तरी 2011 साली मेलबर्नला तेच कायम झालं. मला स्वतःला हा निर्णय अजूनही खटकतो, कारण मूळ मान बाभळीचा होता.

'वॅचेलिया' हे नाव काही नवं घडवलेलं नाही. वाइट आणि आर्नॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1834 मध्ये ते देवबाभळीला दिलं होतं. बाभूळ तिच्याच गटातली निघाली, म्हणून तेच जुनं नाव लागू झालं.

मुलांना काटे दाखवा. बाभळीचे काटे पांढरट, सरळ, पानाच्या बुडाशी जोडीने. खैराचे बुटके, आकड्यासारखे वाकलेले, म्हणून तो आता वेगळ्या गटात, सेनेगालिया कटेचू. आणि रस्त्याकडेला लावतात त्या ऑस्ट्रेलियन बाभळीला काटाच नाही. तिचं जे पान दिसतं तो खरं तर चपटा झालेला देठ आहे. नुकत्या उगवलेल्या रोपाला बाभळीसारखी बारीक संयुक्त पानं दिसतील. ही ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अजून अकेशियाच.

रामकाठी वेगळी जाती नाही, बाभळीचीच उपजाती आहे. नावाला तिसरा शब्द लागतो, 'क्युप्रेसिफॉर्मिस', म्हणजे सायप्रस या सरळ, निमुळत्या झाडाच्या आकाराची. गावाने बरोबर ओळखलंय. वेगळी पाटी जरूर करा.

धागालेखिका

मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत मुलं फूटपट्टी घेऊन बाभळीचे काटे मोजत होती. सर्वांत लांब काटा 5 सेंटीमीटर भरला. पाटी खरवडून पुन्हा रंगवतोय, जुनं नाव कंसात ठेवून, म्हणजे जुन्या पुस्तकात शोधणाऱ्यालाही सापडेल. रामकाठीखाली तिसरा शब्द मुलांनीच लिहायचा ठरवलाय.

पुढची पाटी हिवराची आहे. माझ्या पुस्तकात तोही अकेशियाच दिलाय. त्याचे काटेही सरळ आणि जोडीने आहेत, म्हणजे तोही वॅचेलियात गेला का?

प्रतिसाद

गेला. वॅचेलिया ल्युकोफ्लिया. दुसऱ्या शब्दाचा अर्थ पांढऱ्या सालीचा. मुलांना खोडाला हात लावून बघायला सांगा.