टाचेमागची नस तुटली, पुढे काय? पुन्हा धावायला लागलेल्यांनी (आणि न लागलेल्यांनीही) अनुभव लिहा

पुणे, वय ४४, डावा पाय

सव्वा वर्षापूर्वी सोसायटीच्या कोर्टवर बॅडमिंटन खेळताना टाचेमागे फाडकन आवाज झाला. मागून कुणाची तरी रॅकेट लागली असं वाटून मी वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. दुखलंही फारसं नाही. पण पुढचं पाऊल टाकलं आणि पायाखाली जमीनच नाही असं झालं.

डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं, दोन्ही पावलं कॉटबाहेर. उजवी पोटरी हाताने दाबली, पाऊल आपोआप खाली वळलं. डावी दाबली, पाऊल ढिम्म. अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा (जिला आपण नस म्हणतो), पूर्ण तुटला होता. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं.

ऑपरेशनबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. प्लॅस्टर निघाल्यानंतरचे महिने कसे जातात ते सांगणारं मला कुणी भेटलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

प्लॅस्टर कापलं तेव्हा कातडीचे पापुद्रे निघत होते आणि पोटरी जागेवर नव्हतीच. घरी येऊन आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढली, गुडघ्याच्या वाटीखाली एक वीत अंतरावर दोन्ही पाय मोजले. उजवी ३७ सेंमी, डावी ३३.५. तेव्हापासून दर रविवारी हा आकडा कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाखाली, लिहीत आले.

खरा व्यायाम झाला तो स्वयंपाकघरात. ओट्याला धरून दोन्ही चवड्यांवर उभं राहायचं, सावकाश खाली यायचं. पहिले काही आठवडे सगळा भार उजवाच पाय घ्यायचा आणि मला ते कळायचंही नाही. मुलीने शेजारी शेजारी दोन वजनकाटे ठेवले तेव्हा कळलं: उजव्याखाली ४१, डाव्याखाली १९. पाचव्या महिन्यात एकट्या डाव्या चवड्यावर पहिल्यांदा टाच उचलली गेली. किती, तर खालून वर्तमानपत्राची घडी सरकेल एवढी. मी ओट्यावर डोकं टेकून रडले.

धावणारे मित्र भेटले की विचारायचे, "किती महिने झाले?" आता मला वाटतं, विचारायचं असेल तर हे विचारावं, की एका पायावर टाच किती वेळा उचलता येते. पाचव्या महिन्यात माझं उत्तर होतं एक. साडेसातव्या महिन्यात १८ झालं, तेव्हा फिजिओने विद्यापीठाच्या सपाट रस्त्यावर एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं सुरू करू दिलं. आठ वेळा. संपूर्ण धावणं आठ मिनिटांचं.

तुमचं काय झालं? सविस्तर लिहा, काय चुकलं तेही लिहा.

नाशिक, फिजिओथेरपिस्ट

ताई, वजनकाट्याचा प्रयोग माझ्या पेशंटना सांगणार आहे.

थोडी भर घालतो. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. साठ किलोचा माणूस असेल तर हिशेब करा. बरं, तुटण्याची नेहमीची जागा टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंमी वर असते आणि तिथे रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे भरून यायला वेळ लागतोच, त्यात तुमची चूक नसते.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, सुरुवातीच्या महिन्यांत पोटरी ताणू नका. पाऊल वर येत नाही म्हणून टॉवेल लावून ओढणारे पेशंट मी दर वर्षी पाहतो. नस लांब होऊन जुळली तर चवड्यावर उभं राहण्याची ताकद कायमची कमी राहू शकते. आखडलेली नस पुढे सैल करता येते, लांब झालेली आखूड करणं फार अवघड.

दुसरी, पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला, १५ चे तीन संच, दिवसातून दोनदा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, १२ आठवडे. फार चांगला व्यायाम आहे, पण तो जुनाट दुखणाऱ्या नसेसाठी. तुटून नुकत्याच जुळलेल्या नसेवर व्हिडिओ बघून सुरू करू नका. गुडघा वाकवून टाच उचलणं मात्र योग्य वेळी सुरू झालं की विसरू नका. पोटरीतला आतला, सोलियस नावाचा स्नायू त्याने तयार होतो आणि लांब पळणाऱ्याचा खरा आधार तोच.

बीड जिल्हा, वय २३

मी पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटरला २० मार्क असतात, तिथंच सगळा खेळ. सकाळी डांबरी रस्त्यावर आठ किमी, संध्याकाळी ग्राउंड. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाच धरायची, गरम झाल्यावर सुटायची. सगळे म्हणायचे, "पळ, पळून पळून मोकळी होईल." चार महिने तसंच पळलो. नसेला बोटानं दाबलं तर मधे गाठ लागायची.

भरतीला तीन आठवडे राहिले तेव्हा एका ठिकाणी टाचेत इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशीपासून दुखणं गायब. मला वाटलं बरा झालो. नवव्या दिवशी शेवटच्या शंभर मीटरला जोर लावला आणि खाली बसलो. नंतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की स्टेरॉइड होतं, त्यानं नस कमजोर होऊ शकते आणि दुखणं थांबल्यामुळं मी जास्त जोर लावला.

ती भरती गेली. वडिलांनी म्हैस विकून ऑपरेशनचे पैसे भरले. पुढचे सहा महिने मी गावात कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. दादा, तुमच्यासारखा फिजिओ आमच्याकडं नाही, ५० किमीवर आहे. महिन्यातून एकदा जायचो, बाकी घरी. पाठीला दप्तर लावून त्यात आधी दोन किलो, मग पाच, मग बारा किलो ज्वारी भरून टाचा उचलल्या. आता १४ महिने झालेत. परवा १६०० मीटर ५ मिनिटं ४० सेकंदात आलं. आधी ५:०५ यायचं. अजून भरतीच्या वयात बसतो.

ठाणे, वय ३९

छोटंच लिहितो, पण वाचा. ऑपरेशन नाही, पाऊल हलू न देणारा डॉक्टरी बूट लावला होता. तिसऱ्या आठवड्यात पोटरी दुखायला लागली, गरम आणि टम्म. मी फोन करून विचारलं तर "दुखापत आहे, दुखणारच" असं उत्तर मिळालं. बायको ऐकेना, ती मला दुसरीकडे घेऊन गेली. डॉपलर सोनोग्राफीत पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती फुप्फुसात गेली असती तर हे लिहायला मी नसतो. तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी घेतली. पाय बांधून पडलेला असताना पोटरी सुजली किंवा दम लागला तर वाट बघू नका. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की मला गुठळीचा धोका किती आहे.

लीड्स, इंग्लंड, वय ३६

इथे डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. पाऊल खाली वळवून बूट, त्यात टाचेखाली पाचरी, आणि दर काही दिवसांनी एक काढायची. आई सांगलीहून रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, "अरे, तुटलेली नस शिवल्याशिवाय जुळेल कशी?" मलाही तीच धास्ती. नॉर्वेत पाचशेहून जास्त पेशंटवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये आला. वर्षभरानंतर पायाच्या कामात ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात फरक दिसला नाही, मात्र पुन्हा तुटण्याचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांत जास्त, ६.२ टक्के, केलेल्यांत ०.६. उलट ऑपरेशनवाल्यांत मज्जातंतूला इजा जास्त. हे आकडे आईला मराठीत समजावून सांगताना माझेच मला नीट समजले.

दहाव्या महिन्यात शनिवारच्या पार्करनला (दर शनिवारी बागेत होणारी, सगळ्यांना खुली धाव) पाच किमी पूर्ण केलं. ओल्या पानांवरून चालत गेलो, घसरायची भीती होती.

कराड, वय ६१

मी धावत नाही, पण लिहू का? मी वारकरी आहे. लघवीच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या चालू होत्या आणि दम्यासाठी स्टेरॉइडही. देवघरातून उठताना नस तुटली, नुसती उठताना. या जातीच्या अँटिबायोटिकने नस तुटू शकते, साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असेल तर जास्त, हे मला नंतर समजलं. अमेरिकेत २००८ पासून या औषधांवर तसा ठळक इशारा छापतात म्हणे. माझं सांगणं एवढंच, गोळी सुरू असताना टाच दुखली तर लगेच डॉक्टरांना कळवा.

त्या वर्षी वारी चुकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माउलींची पालखी लोणंदला आल्याचं टीव्हीवर दिसलं आणि मी आत जाऊन बसले. सुनेने माझं वेळापत्रक केलं: सकाळी तुळशीपाशी २०, दुपारी २०, हरिपाठाच्या आधी २०. पुढच्या आषाढीला सगळी वाट नाही जमली. वाखरी ते पंढरपूर चालले, तुळस डोक्यावर घेऊन.

नागपूर, वय ३१

माझा पाचवा आठवडा आहे. रात्री झोपेत पाय दचकतो आणि पुन्हा तुटली असं वाटून जाग येते. मी फुटाळा तलावावर रोज धावायचे. सगळे म्हणतात होईल बरं. मला खरंच सांगा, ही भीती जाते का?

पुणे, धागाकर्ती

अगं, मला सातव्या महिन्यापर्यंत तो आवाज ऐकू यायचा. कुणी पाण्याची बाटली चुरगळली तरी हात टाचेकडे जायचा. रात्रीच्या दचकण्याबद्दल डॉक्टरांना जरूर सांग. मला त्यांनी झोपतानाही बूट ठेवायला सांगितला होता, त्याने धीर आला. भीती एका दिवसात गेली नाही. जागेवर दोन्ही पायांनी छोट्या उड्या मारायला लागले, मग एका पायाने, मग वेताळ टेकडीच्या उतारावर सावकाश. जी गोष्ट दहा वेळा करून काही झालं नाही, तिची भीती तेवढी कमी झाली. बॅडमिंटन कोर्टवर मी अजून गेलेली नाही. जाईन असं वाटतं.

आणि टेप आण. आत्ताच.

कोल्हापूर, वय ५८

माझी गुडघ्याच्या वाटीखालची नस तुटली, जिना उतरताना. दोन वर्षं झाली. धावणं परत आलं नाही. मुंबईची हाफ मॅरेथॉन सात वेळा केलेला माणूस आहे मी, सोडून द्यायला सोपं गेलं नाही. कमी अंतर, मऊ जमीन, सगळं करून पाहिलं, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतोच. आता रंकाळ्याला रोज पहाटे चालतो आणि आठवड्यातून तीनदा पोहतो. परत न धावणारेही या धाग्यावर असावेत म्हणून लिहिलं. बीडच्या मुला, तुझी वेळ कळव. रोज बघतो आहे.

बीड जिल्हा

काका, आज ५:३१.

नागपूर

आज नववा आठवडा पूर्ण. बुटातली शेवटची पाचर काढली, टाच पहिल्यांदा सपाट टेकली. ताई, टेप आजीच्या डब्यात सापडली, बटणांखाली. डावी ३५, उजवी ३२. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलंय.