टर्बाइनच्या पात्यांना भोकं पाडण्यापेक्षा भिंतच सच्छिद्र का नाही?

गरमहवा: गॅस टर्बाइनमध्ये शिरणारा वायू १५०० अंश सेल्सियसच्या वर जातो, पात्याचा निकेल मिश्रधातू त्याआधीच वितळतो, म्हणून पात्याला बारीक भोकं पाडून थंड हवेचा पापुद्रा पसरवतात. मला हे अर्धवट काम वाटतं. झोताचा जोर जरा वाढला की तो भिंत सोडून वर उडतो आणि खाली गरम वायू घुसतो. त्यापेक्षा सगळ्या पृष्ठभागातून हवा झिरपू द्या ना, बाउंडरी लेयर (भिंतीला चिकटून सरकणारा हवेचा पातळ थर) जाड होईल, घर्षण आणि भिंतीकडे येणारी उष्णता दोन्ही कमी होतील.

नटबोल्ट: कागदावर झकास. धूळ नि काजळीने छिद्रं बुजली की काय करणार? आणि बुजली नाहीत तरी, एखादी जागा जरा जास्त तापली की तिथली हवा विरळ होते, शिवाय तिची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) वाढते (वायूंचं द्रवांच्या उलट असतं), त्यामुळे तिथून हवा अजून कमी जाते आणि ती जागा अजून तापते. गरज जिथे जास्त, पुरवठा तिथेच कमी!

गरमहवा: मग स्पेस शटलच्या मुख्य इंजिनात इंजेक्टरची फेसप्लेट (इंधन आत फवारणाऱ्या भागाची ज्वाळेसमोरची तबकडी) सच्छिद्र होती, हायड्रोजन झिरपवून थंड ठेवायचे, ते कसं चाललं?

नटबोल्ट: ती प्लेट फिरत नव्हती रे. इथे पातं गरगर फिरतंय, केंद्रोत्सारी ताण प्रचंड, त्यात धातू जाळीसारखा. शिवाय हायड्रोजन हलका, विशिष्ट उष्णता भरपूर, थोड्या वजनात मोठं काम करतो. तुझ्याकडे कॉम्प्रेसरची हवा, तीही थ्रस्टमधून (इंजिनाच्या ढकलशक्तीतून) कापलेली.

स्थिरबिंदू: मध्येच घुसतो. गॅलिलिओ यानाचा प्रोब (सोडलेली शोधकुपी) १९९५ मध्ये गुरूच्या वातावरणात सेकंदाला ४७ किमीने शिरला, तेव्हा त्याच्या उष्णतारोधक कवचातून जळून निघालेला वायूच बाउंडरी लेयरमध्ये मिसळत होता. नाकाशी कवच अंदाजापेक्षा कमी झिजलं, कडेला मात्र जास्त. वायू सोडल्याने लॅमिनार (थराथरांनी शांत वाहणारा) प्रवाह अस्थिर होतो, टर्ब्युलन्स (खळबळ) लवकर येतो, तो आला की कमावलेलं बरंचसं जातं. जाड लेयर म्हणजे सुरक्षित लेयर नव्हे.

गरमहवा: टर्बाइनमध्ये येणारा प्रवाहच ढवळलेला असतो, त्यामुळे हा मुद्दा इथे फारसा लागत नाही. हॉट स्पॉटचं (जास्त तापलेल्या जागेचं) म्हणशील तर आतून कप्पे करायचे, प्रत्येकाला वेगळं प्रेशर.

नटबोल्ट: कप्पे लागणारच, कारण पुढच्या कडेला बाहेरचं प्रेशर जास्त नि पाठीवर (पात्याच्या फुगीर बाजूला) कमी, एकाच पोकळीतून सोडलीस तर हवा पाठीकडूनच पळेल. पण कप्प्याच्या आडभिंतीवर हवा झिरपत नाही, तो पट्टा तापणार आणि तडा तिथूनच जाणार. त्याचं काय करतोस ते सांग आधी.