घरातल्या एकाची नोकरी जाते तेव्हा : घरच्यांनी लिहा

संप, मंदी, कपात, टाळेबंदी. पगार थांबतो एकाचा, निभावून न्यावं लागतं सगळ्या घराला. ज्याची नोकरी गेली त्याला सल्ले देणारे भरपूर भेटतात. इथे त्याच्या घरच्यांनी लिहावं. पैसे कुठून उभे केले, कोणाला सांगितलं, कोणापासून लपवलं. 'धीर धरा, होईल सगळं नीट' एवढंच लिहायचं असेल तर कृपया राहू द्या. सुरुवात मीच करते.

लालबागची लेक

बाबा कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत पगारवाढ मिळवून देणारच अशी सगळ्यांची खात्री, त्यामुळे सुरुवातीला चाळीत सुट्टी पडल्यासारखंच वातावरण होतं. मग वाण्याची उधारी बंद झाली. शेजारच्या मावशींची खाणावळ बसली, कारण जेवणारेही संपावरच! आईने हे बघितलं आणि गिरणगावाबाहेरचं गिऱ्हाईक शोधलं. दादर स्टेशनाबाहेर ती निवडलेली भाजी विकायला बसू लागली. नोकरदार बायका संध्याकाळी गाडी पकडताना पुडी उचलायच्या. रात्री आम्ही भावंडं गवार मोडत बसायचो. नखांतला काळपटपणा शाळेत लपवायला लागायचा.

बाबा मधल्या काळात गावी, पाटणकडे, जाऊन आले. परतल्यावर पहाटे बाजारातून पोती आणायचे, पण आईशेजारी कधी बसले नाहीत. ओळखीचं कोणी बघेल म्हणून. संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही, आणि बाबाही पुष्कळ दिवस 'बोलावतील' म्हणत राहिले. आईला त्या न बसण्याचा राग शेवटपर्यंत होता. लोक म्हणतात, पुरुषाचं मन समजून घ्यावं. मला आईचंच पटतं.

भोसरी

२०१९ ला गाड्यांचा खप पडला. मोठे कारखाने 'ब्लॉक क्लोजर' घेतात, म्हणजे काही दिवस उत्पादनच बंद ठेवतात, तेव्हा आमच्याकडच्या वर्कशॉपांना ऑर्डरच नसते. दीर सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर, पण ठेकेदाराचा माणूस. गेटवरूनच परत पाठवला. सासूबाईंनी त्याच दिवशी सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. भाऊजी चिडले, तर म्हणाल्या, "लपवून ठेवलं तर काम सुचवणार कोण?" साताऱ्याच्या मामांच्या ओळखीने शेवटी काम लागलं, म्हणजे सासूबाईंचंच खरं.

खरा ताप पीएफचा. ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीखच पोर्टलवर भरली नव्हती, त्यामुळे क्लेम अडकला. २०२० च्या सुरुवातीला ती तारीख स्वतः भरायची सोय आली, पण शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने उलटल्यावर. आधारवरचं आणि पीएफवरचं नाव एकदा ताडून बघा. नोकरी आहे तोवरच.

डिचोली, गोवा

आमच्याकडे दोनदा झालं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा माझं सोनं गेलं. २०१५ नंतर जरा सावरलो, तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा बंद. खनिज वाहणारा आमचा टिपर ट्रक विकायला काढला तर घेणारा नाही. गावात ज्याच्या त्याच्या दारात उभाच होता की. उसने तरी कोणाकडे मागणार? काजूचा हंगाम होता, म्हणून हे माझ्या भावाच्या बागेत राबायला गेले. जावई म्हणून पाटावर बसणाऱ्या माणसाच्या हातात कोयता. वहिनीने एका शब्दाने कधी ते जाणवू दिलं नाही.

न्यू जर्सी

२०२३ मधली कपात. एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी अर्ज भरेल किंवा व्हिसा बदलायचा, नाहीतर सामान बांधायचं. मी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचा परवाना नाही. घराची लीज, 'कोब्रा'चा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच आरोग्यविमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) भरमसाट हप्ता, लेकीची शाळा जूनपर्यंत. सांगलीला सासऱ्यांना सांगितलं नव्हतं. एका व्हिडिओ कॉलवर लेकच म्हणाली, "आजोबा, आता बाबाच मला रोज शाळेत सोडतो." पलीकडे जरा शांतता, मग सासरे म्हणाले, "भाड्याला किती पाठवू?" इतकी वर्षं आम्ही तिकडे पाठवत होतो! पाठवू दिले नाहीत, पण त्या रात्री नवरा झोपला. मुदतीच्या आत नोकरी लागली, टेक्सासात, पगार कमी.

नागपूर

माझी भर विम्यापुरती. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो आणि आईवडील बहुधा त्याच पॉलिसीत असतात. ती चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधी जो प्रतीक्षा कालावधी असतो, त्यात आधीच्या पॉलिसीतली वर्षं धरली जातात. हप्ता मात्र खिशातून. बाबांचं डायलिसिस चालू होतं, म्हणून बहिणीने एचआरने पुढे केलेला राजीनाम्याचा कागद तसाच टेबलावर ठेवला, आधी पॉलिसीची कागदपत्रं मागितली, आणि ती हातात आल्यावर सही केली.